तुझी अंडी खराब नव्हती, वहिनी

वहिनी, तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाला दोन माणसं तुझ्याबद्दल बोलली, तेवढीच माझ्या लक्षात राहिली. एक दादा, माईकवर. दुसरी आई, मागं जेवणाच्या मंडपात. दादा म्हणाला, "प्रतिभा माझी बायको कमी आणि मैत्रीण जास्त होती. मी तिला कधी कशाला अडवलं नाही." लोकांनी माना हलवल्या. तुझ्या बँकेतल्या मॅडमनी डोळे पुसले. आणि आई, पांढऱ्या साडीत, शेजारच्या बाईच्या ताटात भात वाढत म्हणाली, "पोरगी लई गुणाची व्हती. पण पोटाचं नशीब न्हाई. अंडीच खराब तिची. डॉक्टरनं काढून बर्फात ठिवली, तरी काई जमलं न्हाई."

मी बुंदीची परात घेऊन तिच्या मागंच उभी होते. अर्ध्या तासापूर्वी आम्ही सगळ्यांनी पंचशील घेतलं होतं. खोटं बोलणार नाही हे त्यातलं चौथं. ते म्हणताना आईचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

तू कुठं शिकलीस, कधी नोकरीला लागलीस, किती मायाळू होतीस, ते तिथं सगळे बोलले. मी ते परत लिहीत नाही. मला तुला दुसरंच सांगायचंय. आत्माबित्मा काही नसतो असं तू म्हणायचीस, म्हणजे हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही हे मला माहीत आहे. तरी तुलाच सांगते. दुसऱ्या कुणाला सांगून माझं समाधान होत नाही.

आईला जे खरं ठाऊक नव्हतं ते आपल्या तिघांना ठाऊक होतं. तुला, दादाला आणि मला.

छातीतली गाठ निघाली तेव्हा माझ्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणून औरंगाबादला मी तुमच्याबरोबर आले. कॅन्सरचे डॉक्टर म्हणाले, केमोनं अंडाशयाला धक्का बसू शकतो, मूल हवं असेल तर आधी अंडी काढून गोठवून ठेवा, तेवढे दिवस आपण थांबू शकतो. तू विचारलंस, "डॉक्टर, मी जगणार हाय का?" ते म्हणाले, चान्स चांगला आहे. तू म्हणालीस, "मंग ठिवू की." आणि पदर नीट करून उठलीस. लग्नाला सहा वर्षं झाली होती, सहा वर्षं आईनं तुला घालून पाडून बोलून घेतलं होतं, त्यातून तू कशी काय एवढी सरळ उभी राहू शकलीस, ते मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही कळत नाही.

दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, लग्न झालंय तर नुसती अंडी कशाला, गर्भच तयार करून गोठवू, तो जास्त टिकाऊ. त्यासाठी दादाची तपासणी केली. रिपोर्ट आला तेव्हा तुम्ही दोघं आत होतात. दादा आधी बाहेर आला. कॉरिडॉरमधल्या बेसिनपाशी गेला आणि तोंड धूत राहिला. नळ बंद करायचा, परत सोडायचा. तू माझ्याजवळ येऊन बसलीस आणि हळू म्हणालीस, "शालू, ह्यांच्यात काहीच न्हाई गं. एक सुद्धा न्हाई. डॉक्टरबाई म्हणल्या, जन्मापासून असंल."

डॉक्टरबाईंनी दात्याचं वीर्य वापरायचं सुचवलं होतं. दादानं ते ऐकूनही घेतलं नव्हतं. खाली कँटीनमध्ये चहा तसाच ठेवून तो म्हणाला, "हे घरात कळता कामा नये. शाले, तू बी ऐकून राह्यलीस ना? आईला तर बिलकुल न्हाई."

मी तोंड उघडणार तेवढ्यात तू टेबलाखालून माझा हात दाबलास.

"ह्यांचं ह्यांना राहू दे," तू म्हणालीस. "माझी मी ठिवते."

परत येताना गाडीत दादा पुढं होता आणि आपण दोघी मागं. मी तुझ्या कानाशी म्हटलं, वहिनी, सहा वर्षं आईनं तुला वांझ म्हटलं, आता तरी सांग. तू म्हणालीस, "माझ्यावर हसून झालंय लोकांचं. आता त्यांना हसायला नवीन माणूस कशाला द्यायचा? शब्द दे मला." मी शब्द दिला. त्या शब्दावरूनच पुढं आपण जन्मभर भांडलो. जन्मभर म्हणजे तुझ्या जन्मभर.

आईला कळू नये म्हणून इंजेक्शनं माझ्या घरी ठेवली. फ्रिजच्या दारात अंडी ठेवायचे खड्डे असतात ना, तिथं मी ती खोकी बसवली, आणि तू दार उघडून एवढी हसलीस की तुला भिंतीला टेकावं लागलं. "बराबर जागा शोधलीस," म्हणालीस. रोज संध्याकाळी बँकेतून परस्पर माझ्याकडं यायचीस, पलंगाच्या काठावर बसायचीस, बेंबीखाली चिमूट धरायचीस आणि आपल्या हातानं सुई टोचायचीस. मी बघायची नाही. भिंतीकडं तोंड करून तुला शाळेतल्या गमती सांगत राहायची. पोट फुगलं, ब्लाऊजचे हूक लागेनात, तरी काउंटरवर बसलीस.

अंडी काढली त्या दिवशी भुलीतून जागी होताच तू विचारलंस, "किती?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "नऊ. सगळी चांगली, पिकलेली. ह्या वयात इतकी सुंदर अंडी बघून बरं वाटलं." हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकलेत, वहिनी. सुंदर म्हणाल्या त्या. तू अजून गुंगीत होतीस. म्हणालीस, "शालू, नऊ. कबड्डीची टीम हुतीया, वर दोन राखीव."

आईनं पंगतीत खराब म्हटलं ती हीच नऊ. अंडी गोठवल्याचं तिला पुढं दवाखान्याच्या बिलावरून कळलं होतं, दादाच्या रिपोर्टाचं मात्र नाही.

दादाबद्दल खरं तेवढंच सांगते, उगाच काळं फासत नाही. केमोच्या दिवसांत त्यानं तुझं केलं. एमआयडीसीतल्या मिलची ड्यूटी बदलून घेतली, तुझ्यासाठी पातळ मुगाची खिचडी शिकला, केस गळाले तेव्हा उशीवरचे केस तू उठायच्या आधी गोळा करून टाकायचा. हे सगळं तू मला सांगायचीस, आणि सांगताना तुझा चेहरा असा व्हायचा की मला पुढं बोलता यायचं नाही. पण वहिनी, खिचडी देणं सोपं असतं. खिचडी देताना लोक बघतात आणि चांगलं म्हणतात.

तू बरी झालीस. केस परत आले, आधीपेक्षा कुरळे. दोन वर्षं तपासण्या चांगल्या आल्या. तेव्हा कॅन्सरच्या डॉक्टरांनी सांगितलं की तुझ्या प्रकारच्या आजारात तू स्वतः गरोदर राहण्याची घाई नको. त्या आठवड्यात आपण माझ्या ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. मी म्हटलं, "मी वाढवते. माझ्या पोटात."

तू शेंग हातात धरून नुसती बघत राहिलीस.

"मला दोन झालीत, तब्येत ठणठणीत हाय, आमच्या घरी विचारलंय, ते हो म्हणले. अंडी तुझी हायेत. दात्याचं बाकी डॉक्टरबाई बघतील."

"नऊ महिने?" तू म्हणालीस. "तुला उलट्या किती हुतात."

"हुतील. तू लिंबू घेऊन बसत जा."

तू रडलीस. तुझ्या आजारात मी तुला रडताना बघितलं नव्हतं. शेंगांच्या टरफलात तोंड खुपसल्यासारखी वाकून रडलीस, मग डोळे पुसून विचारलंस, मुलगी झाली तर नाव कुणी ठेवायचं. मी म्हटलं, माझ्या पोरीचं तू ठेवलंस, तुझ्या पोरीचं मी ठेवीन. माझ्या पोरीच्या बारशाला आईनं तुला पाळण्याजवळ येऊ दिलं नव्हतं, आठवतं? "तिच्याकडं नको देऊ," म्हणाली होती. मी मुद्दाम पोर तुझ्याच मांडीवर दिली होती आणि नाव तुझ्याच तोंडून फुटलं होतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, कायद्यात बसवायचा प्रयत्न करू, पण नवऱ्याची संमती लागेल. एवढीच गोष्ट हवी होती. दादाचं 'हो'.

तो म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी म्हणाला, मिलमध्ये गडबड आहे, दिवाळीनंतर बघू. मग एकदा मीच त्याला तुझ्यासमोर धरलं. विचारलं, दादा, तुला मूल नको आहे का? तो चिडून म्हणाला, "पाहिजे. पण शालीच्या पोटात कशाला, आणि अंडी प्रतिभाची तर बाकीचं कुणाचं, हे उद्या चार लोक विचारतील. मंग काय सांगू? मोठं करून दाखवू का माझा रिपोर्ट?"

तेव्हा मला कळलं. मूल झालं तर त्याचं बिंग फुटणार होतं, आणि नाही झालं तर तुझं नाव खराब होणार होतं. त्यानं दोन्हीतलं आपल्याला सोपं ते निवडलं. वर्षामागून वर्षं निवडत राहिला. आणि माईकवर, 'मी तिला कधी अडवलं नाही' म्हणे. अडवायला हात आडवा लावावा लागतो असं थोडंच आहे?

तू त्या दिवशी माझ्यावरच रागावलीस. "त्यांना एवढं टोचून बोलायचं न्हाई," म्हणालीस. मी म्हटलं, मग आईला तरी सांग. तू म्हणालीस न्हाई. मी म्हटलं, भित्री आहेस. तू म्हणालीस, "भित्री न्हाई गं. मला त्यांच्या संगं राहायचंय." आपण महिनाभर बोललो नाही. मग तू शेवग्याच्या शेंगा घेऊन आलीस आणि काही झालंच नाही अशी स्वयंपाकघरात शिरलीस. ते भांडण तिथंच अर्धवट राहिलं. कारण पुढं आजार परत आला, तो यकृतात, आणि मग कुणाला भांडायला सवडच मिळाली नाही.

दवाखान्यात, शेवटच्या दिवसांत, दादा औषध आणायला खाली गेला होता तेव्हा तू म्हणालीस, "ती नऊ मी संपवायला सांगितलीत. डॉक्टरबाईंना बोलले, मी गेल्यावर काढून टाका. त्या म्हणल्या, तुमची हायेत, तुमचं म्हणणं चालंल. तू फक्त फोन कर."

"दादाला?"

"त्यांना न्हाई सांगितलं." मग म्हणालीस, "सांगितलं आसतं तर ते रडले आसते, आणि मंग मी ऐकलं आसतं."

तुझ्या तोंडून दादाविरुद्ध निघालेलं एवढं एकच वाक्य माझ्यापाशी आहे. त्यावर मी पुढचं सगळं केलं.

तू गेल्यावर मी शाळेच्या व्हरांड्यातून फोन केला. वर्गात पोरं एकोणीसचा पाढा म्हणत होती आणि दर वेळी त्याच ठिकाणी चुकत होती. पलीकडून डॉक्टरबाईंनी तुझं नाव ऐकलं, म्हणाल्या, "फार धीराच्या होत्या. ठीक आहे, आम्ही बघतो." झालं. तुझी कबड्डीची टीम गेली. मी वर्गात जाऊन फळ्याकडं तोंड करून उभी राहिले. पोरांना वाटलं मी चुकीवर रागावलेय. त्यांनी पाढा पहिल्यापासून धरला.

तुझ्या साड्या अजून कपाटात होत्या तेव्हा आईनं मंठ्याची सोयरीक आणली. मुलीचं नाव मनीषा. पहिल्या नवऱ्यापासून फारकत झालेली, गावात टायपिंगचा क्लास चालवते. आई मला म्हणाली, "घर वस पडलंय गं. तू बी चल, बायामाणूस संगं पाहिजे." मी हो म्हटलं. मी काय करणार हे मला घरातून निघतानाच माहीत होतं. राग आला आणि तोंडातून निघून गेलं, असं मी कुणालाही सांगणार नाही. मी चांगली साडी नेसून, ठरवून गेले.

मुलीची आई आणि मामा होते. चहा झाला, पोहे आले. मनीषा समोर खुर्चीवर बसली, मान खाली नव्हती तिची. मामांनी मिलचं विचारलं, घराचं विचारलं. मग तिच्या आईनं चाचरत विचारलं, "पहिलीला लेकरूबाळ काई...?"

आई लगेच म्हणाली, "न्हाई हो. तिचीच अंडी खराब व्हती. लई खर्चा केला पोरानं, बर्फात ठिवली, पर काई उपेग न्हाई. माझ्या पोरात काईच दोष न्हाई."

दादा पोह्यांत चमचा फिरवत होता. मी त्याच्याकडं बघितलं. वहिनी, मी त्याला संधी दिली. त्यानं वर बघितलं असतं, नुसतं "आई, राहू दे" म्हटलं असतं, तर कदाचित मी गप्प बसले असते. तो शेंगदाणे बाजूला काढत राहिला.

मी म्हटलं, "आई खोटं बोलून राह्यली. तिला खरं माहीत न्हाई, पण दादाला माहीत हाय. वहिनीची अंडी चांगली होती. कॅन्सरच्या औषधानं जाऊ नयेत म्हणून गोठवली होती. तपासणीत दोष दादात निघाला. ते वहिनीनं झाकलं, आणि त्यापायी तिला लेकरू झालं न्हाई."

"शाले!" दादा उठला. "चूप बस!"

"आगं काय बोलून राह्यलीस," आई म्हणाली. तिचा आवाज आधी चढला आणि मधेच बसला. ती दादाकडं बघत होती.

मनीषानं त्याला सरळ विचारलं, "खरं हाय का?"

"ती बीमार होती," दादा म्हणाला. "तिच्या बीमारीत सगळं..."

"मी बीमारीचं न्हाई इचारलं."

तो परत खुर्चीवर बसला. मामा उठून दारात जाऊन उभे राहिले. मनीषा माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "त्यांचं नाव काय हुतं? आल्यापासून सगळे पहिली पहिलीच म्हणून राह्यलेत."

"प्रतिभा," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. पोह्यांच्या बशा गोळा केल्या, दादाची अर्धी भरलेली बशीसुद्धा उचलली, आणि आत गेली. परत बाहेर आली नाही.

मंठ्याहून दादानं गाडी कुठंही न थांबवता आणली. नवीन जालन्यात शिरल्यावर आईनं एवढंच विचारलं, "संजू, शाली खोटं बोलली ना रे?" दादानं हॉर्न वाजवला. समोर कुणीही नव्हतं. उतरताना आई मला म्हणाली, "तू माझी लेक न्हाईस." मी म्हटलं, बरं.

बातमी माझ्या अंदाजापेक्षा जल्दी पसरली. मनीषाच्या मामांच्या ओळखीचं कुणी मिलमध्ये होतं. विहारात वंदनेनंतर एका बाईनं आईला चारचौघीत विचारलं, "मंग अंडी कोणाची खराब व्हती म्हणायची?" आई त्या दिवसापासून विहारात जात नाही. मला हे कळलं तेव्हा मी भाकरी करत होते. तुला वाटेल मला वाईट वाटलं असेल. नाही वाटलं. ती भाकरी फार छान फुगली होती, आणि मी ती गरम गरम, तिथंच उभ्यानं खाल्ली. तू जेवढी वर्षं मान खाली घालून काउंटरवर बसलीस, तेवढी वर्षं त्यांनी मान खाली घालून फिरावं असं मला वाटतं. माझं मन अजून भरलेलं नाही.

तू रागावणार, मला माहीत आहे. म्हणशील, शब्द मोडलास. हो, मोडला. तू जिवंत असेपर्यंत पाळला. तुझ्या मागं त्या शब्दाचा फायदा फक्त त्याला होत होता, आणि मी तो त्याला दिला नव्हता.

गेल्या रविवारी दुपारी दादा माझ्या दारात आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. मी आत ये म्हटलं नाही, तर ओसरीच्या पायरीवर बसला. बराच वेळ बुटाच्या लेसशी खेळत राहिला. मला वाटलं भांडेल. भांडला नाही. म्हणाला, "शाले, मी म्हणत होतो... ती अंडी तिथं अजून असतील ना? आता तर सगळ्यांना कळलंच हाय. आता लपवायचं काय राह्यलं? आपण डॉक्टरबाईंना इचारू. काही मार्ग आसंल. प्रतिभाचं काहीतरी राहील."

वहिनी, मी त्याच्याकडं बघत उभी होते, आणि मला तुझं ते वाक्य आठवत होतं, की तो रडला असता आणि तू ऐकलं असतंस.

"न्हाईत," मी म्हटलं. "तू दवाखान्यातनं तिला शेवटचं घेऊन आलास त्याच आठवड्यात ती नऊ संपवली. तिनंच सांगितलं होतं."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तुझ्यासाठी काही ठेवायचं नव्हतं तिला."

हे तू म्हणाली नव्हतीस. हे मी म्हटलं. पण मी तुझ्या तोंडी घातलं आणि त्यानं ते खरं मानलं. त्याचा चेहरा माझ्यासमोर हळूहळू मोडत गेला, लहानपणी पतंग कापला गेला की मोडायचा तसा. मग तो गुडघ्यांत डोकं घालून रडला. उन्हात, रस्त्यावरच्या लोकांसमोर.

आपल्याकडं दारात आलेल्या माणसाला, वैरी असला तरी, आधी पाणी विचारतात. माठ माझ्या हाताच्या अंतरावर होता. तू असतीस तर तांब्या भरून त्याच्यापुढं धरला असतास, हे मला पक्कं माहीत आहे.

मी नाही विचारलं.